मद्यत्यागानंतरचे पहिले दिवस आणि कानावर पडणारा आवाज



जमाखर्चाची पत्रके व विभागवार आकडेवारी यांच्या जोडीला वार्षिक अहवालात एखादा आरोग्यविषयक पाठ असावा, असा आमचा प्रघात आहे. या वेळी आम्ही मुद्दाम असा विषय निवडला आहे की, ज्याची तक्रार घेऊन कोणीही बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढत नाही. परंतु व्यसनमुक्ती विभागातून घरी गेलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांशी दोन शब्द बोलले की ती हमखास कानी येते. दारू सुटलेल्या माणसाला आवाज सहन होत नाही. ताट आपटले, कुकरची शिट्टी झाली, शेजारी मिक्सर लागला किंवा नातवंडाने फुगा फोडला की तो दचकतो, चिडतो, कानावर हात ठेवतो, प्रसंगी घरातून उठून निघून जातो. घरची मंडळी म्हणतात, "पीत होते तेव्हा दारात बँड वाजला तरी कूस बदलत नव्हते, आता वाटी पडली तरी अंगावर येतात." आणि त्यापुढचे वाक्य पुष्कळदा असे असते की, "त्यापेक्षा पीत होते तेच बरे होते."

हे दुसरे वाक्य रुग्णाच्या कानी गेले तर काय होते, हे विभागातील परिचारिका व समुपदेशक चांगले जाणतात. म्हणून हा लेख. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आमचा पिंड हिशेबाचा. वैद्यकीय बाबी येथे मांडताना आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांकडून समजून घेऊन, शक्य तितक्या सोप्या करून मांडत आहोत.

मेंदूचे कार्य चेतना आणि आवर यांच्या तोलावर चालते. गॅबा नावाचे द्रव्य आवर घालते, तर ग्लुटामेट हे द्रव्य चेतवते. मद्य पहिल्याचे बळ वाढवते व दुसऱ्याला दाबून ठेवते. म्हणून पिणाऱ्याचे अंग सैल पडते, काळजी विसरते आणि भोवतालचा गोंगाट दूर गेल्यासारखा वाटतो. वर्षानुवर्षे रोज मद्य मिळू लागले की मेंदू त्या परिस्थितीशी जुळवून घेतो. तो स्वतःचा आवर ढिला करतो आणि चेतवणारी यंत्रणा वाढवून ठेवतो, जेणेकरून मद्याच्या अंमलातही माणसाने जागे राहावे, चालावे, कामावर जावे. मग एके दिवशी मद्य थांबते. बाहेरून मिळणारा आवर गेला, आतला आवर आधीच क्षीण झालेला, आणि चेतवणारी बाजू मात्र पूर्ण जोरात. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर इतकी वर्षे मिळालेली शांतता उसनी होती. तिची वसुली आता एकदम सुरू होते. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते, उजेड डोळ्यांना बोचतो आणि आवाज कानाला लागतो.

दचकणे ही क्रिया विचारपूर्वक होत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. अचानक झालेला मोठा आवाज कानातून मेंदूच्या तळाशी पोहोचतो व तेथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. पापणी मिटण्याची क्रिया तर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत सुरू होते. हा कशाचा आवाज, तो कोणी केला, मुद्दाम केला की चुकून, हा विचार त्यानंतर येतो. निरोगी माणसाच्या बाबतीत तो विचार लगेच येऊन शरीराला शांत करतो. नुकतीच दारू सोडलेल्या माणसात दचकणे अधिक तीव्र असते आणि शांत होण्यास वेळ लागतो. तेवढ्या अवधीत तो ओरडून बसलेला असतो. त्याचा स्वभाव बिघडला, असा निष्कर्ष काढण्याची घाई या टप्प्यावर करू नये.

या अवस्थेचे शास्त्र फार जुने नाही. मद्यपींना होणाऱ्या कंपयुक्त वाताला इंग्रज वैद्य थॉमस सटन यांनी १८१३ साली नाव दिले; परंतु तो मद्य थांबल्यामुळे होतो की मद्याच्या विषामुळे वा कुपोषणामुळे, हा वाद त्यापुढे शंभरावर वर्षे चालला. १९५५ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात हॅरिस इस्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना उत्तम आहार व जीवनसत्त्वे देत कित्येक आठवडे मद्य पाजण्यात आले आणि नंतर ते एकदम बंद करण्यात आले. पोषण चांगले असूनही कंप, झटके व भास उद्भवले. कारण मद्य थांबणे हेच होते. (असा प्रयोग आज कोणतीही नीती समिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.)

आमच्या दृष्टीने याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे टोरांटो येथील व्यसन संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी तयार केलेली व १९८९ साली सुधारित स्वरूपात प्रसिद्ध झालेली मोजपट्टी. जगभरातील रुग्णालयांत मद्यत्यागाच्या लक्षणांची तीव्रता मोजण्यासाठी ती वापरली जाते. तीत दहा बाबी असून कमाल गुण ६७ आहेत. मळमळ, कंप, घाम, बेचैनी अशा बाबींबरोबर आवाज ही एक स्वतंत्र बाब आहे. परिचारिका रुग्णाला विचारते की, भोवतालचे आवाज अधिक जाणवतात काय, ते कर्कश वाटतात काय, त्यांची भीती वाटते काय, आणि जे अस्तित्वात नाही ते ऐकू येते काय. उत्तरानुसार शून्य ते सात गुण दिले जातात. पहिल्या तीन गुणांपर्यंत खरे आवाज कर्कश वा भीतिदायक वाटणे, आणि चारपासून पुढे नसलेले आवाज ऐकू येणे.

म्हणजे वाटी पडल्यावर दचकणे आणि कोणी नसताना कोणी हाक मारल्याचे ऐकू येणे या एकाच जिन्याच्या खालच्या व वरच्या पायऱ्या मानल्या आहेत. बहुतेक रुग्ण खालच्या पायऱ्यांवरूनच सुखरूप उतरतात. परंतु पहिल्या तीन-चार दिवसांत जो माणूस खालच्या पायरीवर आहे, त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. "बाहेर माणसे उभी आहेत, माझ्याबद्दल बोलत आहेत," असे तो म्हणू लागला, तर आपल्या भागातील काही घरांत अजूनही 'बाहेरचे काही तरी आहे' असे समजून देवऋषाकडे नेण्याचा विचार होतो. त्यात जाणारा एक दिवस फार मोलाचा असतो. कंप, ताप, भरपूर घाम, दिवस-रात्रीचे भान सुटणे, झटका, किंवा नसलेले दिसणे व ऐकू येणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात आणावे. वेळेवर औषध मिळाल्यास ही अवस्था आटोक्यात येते. न मिळाल्यास ती जिवावर बेतू शकते.

येथे कालगणनेचा एक मुद्दा मांडतो. तो कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. मात्र कोल्हापुरातील कुटुंबांना त्याचा प्रत्यय दरवर्षी येतो.

आषाढी अमावास्येला पंचांगात दीप अमावास्या म्हणतात, बोलीत तिला गटारी म्हणतात. श्रावण पाळणारे पुष्कळ लोक त्या रात्री मनसोक्त पितात व दुसऱ्या दिवसापासून महिनाभर दारूला स्पर्श करत नाहीत. अधूनमधून घेणाऱ्याला याचा काहीही त्रास होत नाही. रोज व भरपूर पिणाऱ्याने मात्र कोणत्याही वैद्यकीय देखरेखीशिवाय एकदम थांबणे हे मोठ्या जोखमीचे आहे. त्याचा कंप सहा ते चोवीस तासांत सुरू होतो, झटक्यांचा धोका साधारणतः पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत असतो, आणि वाताची अवस्था आलीच तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास येते. म्हणजे हे सारे नागपंचमीच्या आत घडते. घरात सणाची तयारी, व्रतवैकल्ये, पाहुण्यांची ये-जा सुरू असते आणि कोपऱ्यातल्या खोलीत एक माणूस थरथरत पडलेला असतो. मंडळी त्याला 'श्रावण बाधला' म्हणून थट्टेवारी नेतात.

याच संदर्भात दुसरी गोष्ट. दर श्रावणात सोडणे व भाद्रपदात पुन्हा धरणे हा ज्यांचा वार्षिक क्रम आहे, त्यांना 'सवय सुटते, पाहा' असा दिलासा मिळतो. परंतु वारंवार सोडण्या-धरण्याने मेंदू अधिकाधिक चेतनक्षम होत जातो व पुढच्या खेपेची लक्षणे मागच्याहून तीव्र होऊ शकतात, हा विचार बॅलेंजर व पोस्ट या संशोधकांनी १९७८ साली मांडला आणि पुढील अनुभवाने त्याला पुष्टी मिळाली आहे. पाच वर्षांपूर्वी केवळ चिडचिड झालेल्या माणसाला यंदा झटका येऊ शकतो.

आता पुढचे दिवस मोजू. तीव्र लक्षणे आठवडाभरात ओसरतात. झोपेची तक्रार, चिडचिड, दचकणे ही मात्र कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत काही महिने रेंगाळतात. अमावास्येपासून मोजले तर दहीहंडी येते तेव्हा तीन आठवडे उलटलेले असतात, गणरायाचे आगमन होते तेव्हा जवळजवळ पाच आठवडे, आणि अनंत चतुर्दशीला सहा आठवड्यांहून थोडे अधिक. (अधिक श्रावणाच्या वर्षी, जसे २०२३ साली झाले, हे अंतर महिन्याने वाढते.) माणूस बाहेरून ठणठणीत दिसू लागलेला, कामावर रुजू झालेला, घरच्यांचा विश्वास बसू लागलेला, आणि नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी डॉल्बी लागते.

डॉल्बीविषयी येथे धर्म वा परंपरा यांचा प्रश्न आम्ही उपस्थित करू इच्छित नाही. ढोल, ताशा, लेझीम व झांजपथक यांच्याशिवाय कोल्हापूरचा गणेशोत्सव आम्हालाही कल्पिता येत नाही. प्रश्न शरीराचा आहे. डेसिबलचे माप सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यात खालच्या पट्टीतील धडधड ही भिंत व खिडकी यांना फारशी जुमानत नाही. खिडकी लावून घेतली तर शिट्टी व झांज मंदावते, धडधड छातीत जाणवतच राहते. मिरवणूक महाद्वार रोडवरून सरकत असताना, रात्र उलटून दुसरा दिवस उजाडेपर्यंत, त्या परिसरातील घरांत हेच चालते. ज्याची झोप अजून नीट बसलेली नाही अशा माणसाला ती रात्र काढणे किती कठीण, आणि त्या कोलाहलात 'एक घे, बरे वाटेल' म्हणणारा मित्र भेटणे किती सोपे, हे सांगावयास नको.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांवर निर्बंध असून सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालच्या निकालात ते अधोरेखित केले. राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली रुग्णकक्षासाठी तर ३० डेसिबलची अपेक्षा व्यक्त केली आहे. साधे संभाषणच सुमारे ६० डेसिबलचे असते, हे पाहता आपल्या शहरातील कोणत्याही रुग्णालयाला ते गाठणे कठीण आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तथापि जे हाती आहे ते करता येते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी परिचर्येवर लिहिलेल्या पुस्तकात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाला मोठ्या आवाजापेक्षा अनावश्यक व अचानक आवाजाचा अधिक उपद्रव होतो, आणि दाराबाहेर चाललेली कुजबुज तर सर्वांत वाईट, असे त्यांचे निरीक्षण होते. आमच्या विभागात या दोन्ही गोष्टींचा पडताळा येतो. म्हणून विभागातील स्टुलांच्या व सलाइन स्टँडच्या पायांना रबरी टोप्या बसविल्या आहेत, दारांना हळू मिटणारे उपकरण लावले आहे, जेवणाची ताटे एकावर एक आपटून न ठेवता ट्रॉलीवर कापड अंथरून ठेवली जातात. 'रबरी टोप्या' ही नोंद वैद्यकीय साहित्याखाली कशी, असे लेखापरीक्षकांनी विचारले होते. ती तेथेच योग्य आहे, असे आमचे मत कायम आहे. देणगीदारांनी दिलेल्या रकमेतून मोठी यंत्रे येतात तेव्हा त्यांचे छायाचित्र अहवालात छापता येते. या टोप्यांचे छापता येत नाही, एवढेच.

कुजबुजीचा मुद्दा नातेवाइकांनी विशेष लक्षात घ्यावा. पहिल्या आठवड्यात रुग्णाचे कान तिखट झालेले असतात आणि मन संशयी. व्हरांड्यात सासरे, मेहुणे व थोरले बंधू हलक्या आवाजात बिलाविषयी जरी बोलत असले तरी आत पडलेल्या माणसाला ते स्वतःविषयीचे कारस्थान वाटू शकते. जे बोलावयाचे ते त्याच्यासमोर नेहमीच्या आवाजात बोलावे, किंवा खाली कार्यालयात येऊन बोलावे.

एक शंका वारंवार विचारली जाते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाला घरातल्या पेल्याचा आवाज कसा काय खुपतो? मागाचा खडखडाट प्रचंड असला तरी तो अखंड व अपेक्षित असतो. मेंदू त्याला पार्श्वभूमीत ढकलतो. पेला पडतो तो अनपेक्षित, आणि शांततेत. शिवाय कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कमाल मर्यादा मानलेली असताना त्याहून अधिक आवाजात वर्षे काढल्याने कानाच्या आतील पेशी झिजलेल्या असू शकतात. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढला की तो एकदम असह्य होतो. पिण्याच्या काळात हा दोष झाकला गेलेला असतो. म्हणून दारू सोडून दोन-तीन महिने झाल्यावरही आवाजाचा त्रास कमी होत नसेल, तर कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी करून घ्यावी. झोपेच्या गोळ्या परस्पर घेणाऱ्याने किंवा परस्पर बंद करणाऱ्याने तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, कारण त्या बंद केल्यानेही कान असेच तिखट होतात.

याउलट टोकही टाळावे. काही कुटुंबे अति काळजीपोटी घर स्मशानवत शांत करतात, मुलांना बोलू देत नाहीत; रुग्ण दिवसभर कानात कापसाचे बोळे घालून बसतो. संपूर्ण शांततेत कान आणखी हळवा होतो. पंख्याची एकसारखी घरघर, मंद लावलेला रेडिओ, अंगणातील नेहमीची वर्दळ हे आवाज असू द्यावेत. टाळावयाचे ते आकस्मिक आवाज. मिक्सर लावण्यापूर्वी "लावते हं" एवढे सांगितले तरी दचकणे निम्म्यावर येते, असे एका रुग्णाच्या पत्नीने आम्हाला सांगितले. आमच्या सर्व सूचनांत ही सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत गुणकारी आहे. रुग्णानेही कान तापू लागले की भांडण होण्याआधी उठून दहा मिनिटे रंकाळ्याच्या काठाने चालून यावे. मात्र कोठे जातो ते घरी सांगून जावे, अन्यथा घरच्यांचा जीव वेगळ्याच शंकेने टांगणीला लागतो.

निवासी उपचारांचा आग्रह आम्ही का धरतो, हेही यावरून स्पष्ट व्हावे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तेथील उपचारांचा पस्तीस दिवसांचा निवासी क्रम महाराष्ट्रात सर्वपरिचित झाला आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेले परिवर्तन केंद्रही आपल्याला जवळचे आहे. पहिले काही आठवडे घर, गल्ली व गुत्ता यांपासून दूर काढणे म्हणजे ज्या काळात प्रत्येक आवाज टोचतो तोच काळ ठरावीक दिनक्रमात काढणे होय. केंद्र शासनाच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या १८० जणांमागे जेमतेम एकाला दाखल होऊन उपचार मिळाले होते, आणि कोणत्याही स्वरूपाची मदत मिळालेले ३८ मागे एक. उरलेल्या सर्वांचे पहिले आठवडे घरातच जातात, तेव्हा या लेखातील सूचना मुख्यतः घरांसाठी आहेत.

रोज पिणाऱ्या ज्या व्यक्तीला श्रावणापासून सोडावयाचे आहे, तिने अमावास्येची वाट न पाहता आधीच आमच्या मनोविकार तज्ज्ञांची भेट घ्यावी. औषधे घरी द्यावयाची की दाखल करावयाचे हे तपासणीनंतर ठरविता येते. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास केंद्र शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ व मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत. ज्यांचे घर मिरवणूक मार्गावर आहे आणि ज्यांच्या घरी नुकतीच दारू सोडलेली व्यक्ती आहे, त्यांनी अनंत चतुर्दशीची रात्र गावाकडे किंवा उपनगरातील नातेवाइकांकडे काढण्याची तजवीज गौरी-विसर्जनापूर्वीच करावी. तशी सोय नसलेल्यांनी व्यसनमुक्ती विभागाच्या प्रमुख परिचारिकेला आगाऊ कळवावे. त्या रात्री मागील इमारतीतील चार खाटा आम्ही राखून ठेवतो, आणि तेथपर्यंत धडधड पोहोचत नाही.